बादलीवरच्या रेघा

सोनपेठेत नळाची कामं करता करता दत्ताला पंचवीस वर्षं झाली होती, पण एकाच गळतीसाठी एकाच घरी चौथ्यांदा जायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. त्यामुळं महारुद्र सरांच्या फाटकापाशी गाडी लावताना त्यानं आधी इकडंतिकडं बघून घेतलं. समोरच्या किराणा दुकानात दोघं-तिघं बसले होते. त्यातल्या एकानं हात वर केला. तो नमस्कार होता की थट्टा, हे दत्ताला कळलं नाही. हत्यारांची पिशवी काखेत मारून तो आत शिरला.

महारुद्र सर कॉलेजात भूगोल शिकवत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गंगाखेड रस्त्याला घर बांधलं आणि हौसेनं शंभर लिटरचा गीझर बसवून घेतला. माडीवरच्या न्हाणीत भिंतीला टांगलेला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी प्रेशर पंपानं त्यात जोरात शिरायचं आणि तिन्ही न्हाण्यांतले शॉवर धो धो चालायचे. सगळी जोडणी दत्ताच्या हातची. सुरुवातीला लोक बघायला यायचे तेव्हा तो स्वतः पंपाचं बटण दाबून दाखवायचा.

असल्या गीझरला एक सेफ्टी वॉल असतो. आतला दाब फार वाढला की तो उघडतो, थोडं पाणी एका बारीक नळीनं बाहेर सोडतो आणि दाब उतरला की मिटतो. सरांच्या घरी ही नळी मागच्या पायऱ्यांवर उतरवलेली होती. दिवाळीनंतर ती गळायला लागली. दत्ता आला. इकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, वॉलमध्ये खर साचली असेल म्हणून त्यानं तो खोलून साफ केला. आठ दिवसांनी गळती पुन्हा सुरू. मग त्यानं नवा वॉल बसवला. तोही गळायला लागला. तिसऱ्या खेपेला परभणीहून भारीतला आणून बसवला, त्याचीही तीच गत. आता संक्रांत उलटून गेली होती, पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ धरलं होतं, आणि आदल्या दिवशी सरांच्या पत्नी राजेश्री त्यावरून घसरून पडल्या होत्या. गुडघा सुजून टम्म झाला होता.

सर कॉलेजला निघायच्या घाईत होते.

"दत्ताभाऊ, मला आता कारणं नकोत," ते बुटाची नाडी बांधत म्हणाले. "पाणी त्या नळीतूनच येतं ना? मग नळीच बंद करून टाका. डमी मारा तिच्या तोंडाला."

"सर, ती नळी बंद करत नसतात."

"मग गळती तरी बंद करा! तीन वॉल झाले. मी दुपारी येतो तेव्हा पायरी कोरडी पाहिजे."

सर गेले. दत्ता माडीवर गेला, गीझरखाली उभा राहिला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. खोलून बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी तो खाली आला, मागच्या पायऱ्यांवर उकिडवा बसला, पिशवीतून अर्ध्या इंचाची डमी, म्हणजे नळीच्या तोंडाचं बूच, काढलं आणि तिच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला लागला. नळीच्या टोकाला बसवली की काम खलास. हे करू नये, हे त्याला माहीत होतं. पण गीझर तापला की आपोआप बंद होतोच की, असं त्यानं मनाला समजावलं. शिवाय दोन महिन्यांपूर्वी बन्सीधर तात्यांच्या घरी अशीच गळती लागली होती, तात्यांनी असाच हट्ट धरला होता, आणि तिथं त्यानं डमी मारूनही दिली होती. काही झालं नव्हतं.

"काय गुंडाळायलास रे?"

सरांची आई, कस्तुराबाई, मागच्या दारात उभ्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, पदर खोचलेल्या. गावच्या शाळेत त्यांनी पंधरा वर्षं पोरांची खिचडी शिजवली होती. अक्षरओळख बेताचीच, सही मात्र ठसठशीत करत.

"काही न्हाई मावशी. सर म्हनले बंद कर, म्हनून बंद करायलोय."

"हे भोक?"

"हां."

कस्तुराबाई पायऱ्या उतरून खाली आल्या आणि त्याच्या हातातली डमी त्यांनी सरळ काढून घेतली. दत्ता बघतच राहिला.

"शाळेत आमच्याकडं डाळीचा मोठा कुकर होता," त्या म्हणाल्या. "एकदा शिट्टीच्या भोकात डाळीचं टरफल अडकलं. मी भाजी चिरायले, ध्यानातच न्हाई. झाकन उडालं ते वरच्या पत्र्याला पोचा पाडून आलं. पोरं परार्थनेला होती म्हनून वाचली. वाफ जायला ठेवलेली वाट आपन बुजवायची नसती, दत्ता. तुला मी सांगावं का हे?"

दत्ताची मान खाली गेली. सांगायला नको होतं, हेच तर खरं दुखणं होतं.

"मग काय करू मावशी? वॉल गळायलाय. दोन बदलले."

"वॉल गळतच न्हाई."

"आँ?"

"मी दोनदा सांगितलं तुला. तू 'हो मावशी, हो मावशी' म्हनलास अन् पाना फिरवत राहिलास."

दत्ताला आठवलं. खरंच, मागच्या दोन्ही वेळी ही म्हातारी जिन्यात उभी राहून काहीतरी सांगत होती. त्यानं कान दिला नव्हता.

कस्तुराबाईंनी कोपऱ्यातली प्लास्टिकची पांढरी बादली आणली. आतल्या बाजूला लाल नेलपॉलिशच्या दोन आडव्या रेघा होत्या.

"अर्पिताची शीशी घेतली," त्या म्हणाल्या. अर्पिता म्हणजे त्यांची नात. "पंधरा दिवस झाले, रोज ही नळीखाली लावते. ही वरची रेघ बघ. रोज पानी बरुबर इथवरच येतं. दोन तांबे. दोन दिवस सोडले तर कमी न्हाई, जास्त न्हाई. ही खालची रेघ एकाच दिवसाची. त्या दिवशी पाव्हणे होते, बटन चालू असतानाच एकामागं एक अंघोळी चालल्या होत्या. त्या दिवशी थोडंच आलं."

"अन् बाकी?"

"बाकी एक दिवस थेंब न्हाई. सकाळपासनं लाइट नव्हती. बादली सुकी ठन." त्यांनी बादली खाली ठेवली. "आता तू सांग. वॉल फुटका असता तर लाइट असो नसो, दिवसभर गळला असता का न्हाई? हे तर बटन दाबल्यावर अर्ध्या घंट्यानं सुरू होतं, अन् बटन बंद झालं की थोड्या वेळात थांबतं. पानी तापतं तेवढ्या वेळातच पडतं."

दत्ता बादलीतल्या रेघांकडं बघत राहिला. पंचवीस वर्षांत त्यानं शेकडो गळत्या काढल्या होत्या, पण गळतं ते पाणी मोजायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. कुठून गळतं, एवढंच तो बघायचा. केव्हा आणि किती, हे ह्या बाईनं एक बादली आणि नातीची शीशी घेऊन काढलं होतं, आणि तेही कुणी सांगितलेलं नसताना.

"मावशी, बटन चालू करा बरं," तो म्हणाला.

दोघं माडीवर गेले. गीझर चालू केला आणि वाट बघत बसले. कस्तुराबाई न्हाणीच्या उंबऱ्यावर, दत्ता पालथ्या घातलेल्या टबावर. वीस-पंचवीस मिनिटांनी कस्तुराबाईंनी खिडकीतून खाली बघून खूण केली. नळी ठिबकायला लागली होती. दत्तानं बेसिनचा गरम नळ किंचित सोडला. करंगळीएवढी धार.

"थांबलं," कस्तुराबाई खिडकीतून म्हणाल्या.

त्यानं नळ बंद केला. मिनिटभरात त्या म्हणाल्या, "लागलं परत."

आता त्याला सगळं लख्ख दिसत होतं. पाणी तापलं की फुगतं. शंभर लिटर पाणी तापलं की दोन लिटरनं वाढतं, आणि वाढलेल्या पाण्याला जायला कुठंतरी जागा लागते. दिवाळीच्या आधी ते आल्या वाटेनं मागं सरकत होतं. ती वाट बंद झाली, दाब चढला, म्हणून बिचारा सेफ्टी वॉल रोज उघडून तेवढंच पाणी बाहेर टाकत होता. वॉल आपलं काम चोख करत होता. त्यानं दोन चांगले वॉल उगीच बदलले होते.

"मावशी, हे कधीपासनं सुरू झालं, नक्की सांगता का?"

"भाऊबीजेपासनं. पाडव्याला तू आलतास, गार पान्याच्या नळातून गरम पानी येतं म्हनून. अन् ती पितळेची टोपी बसवून गेलास."

ती टोपी म्हणजे एनआरव्ही. पाणी गीझरकडं जाऊ देतो, मागं फिरू देत नाही. पाडव्याच्या दिवशी, गोडधोड खाऊन, दहा मिनिटांत त्यानं तो बसवला होता, आणि कामाची वाहवाही घेतली होती.

खोटं बोलायला जागा होती. वॉलचा मालच खराब येतोय म्हणून सांगता आलं असतं, हळूच तो एनआरव्ही काढून टाकता आला असता. सरांना त्यातलं काही कळलं नसतं. पण समोर ही बाई बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, की जिंकल्याचा तोराही नव्हता. पुढं काय, एवढंच त्या डोळ्यांत होतं.

"माझीच चूक हाय मावशी," दत्ता म्हणाला. "मीच वाट बुजवली."

"असू दे, कळलं न्हवं आता." कस्तुराबाई उठता उठता थांबल्या. "अशी टोपी अजून कुनाकडं बसवलीस का रे?"

दत्तानं मनातल्या मनात घरं मोजली.

अजून तीन घरी बसवली होती. त्यातलं एक बन्सीधर तात्यांचं. तिथं मागं जायची वाटही बंद होती आणि बाहेर पडायची नळीही त्यानंच स्वतःच्या हातानं बंद केली होती.

"मावशी, तात्यांकडं डमी मारलीय मी."

कस्तुराबाईंनी एक शब्दही वाया घालवला नाही. "फोन लाव आधी. बटन बंद करायला सांग."

त्यानं फोन लावला. बन्सीधर तात्या निवृत्त तलाठी, कानानं जरा कमी. "कोण? दत्ता? पाणी? पाणी सुटलंय की, भरून झालं!" ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा लावला तर उचललाच नाही.

तात्यांचं घर बाजाराच्या पलीकडं होतं. दत्तानं गाडी काढली तेव्हा कस्तुराबाई मागं बसलेल्याच होत्या. त्या कधी येऊन बसल्या, हे त्यालाही कळलं नाही. आठवडी बाजाराचा दिवस, रस्त्यावर भाजीच्या पाट्या, मधे एसटी अडकलेली. दत्ता हॉर्न दाबत होता आणि त्याच्या खांद्यावरून कस्तुराबाई ओरडत होत्या, "सरका रे बाबांनो, सरका!"

तात्यांच्या पत्नी कमलबाई दारातच होत्या. "गीझर चालू हाय का?" दत्तानं गाडीवरूनच विचारलं. "हो, हे अंघोळीलाच निघालेत," त्या म्हणाल्या. दत्ता धावत आत गेला आणि त्यानं आधी घराचं मेन बटण पाडलं. तात्या खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीच्या दारात उभे होते. "अरे, लाइट का घालवली?" ते चिडले. कस्तुराबाईंनी त्यांना हाताला धरून ओसरीवर आणलं. गावातल्या जुन्या तलाठ्याला असं हात धरून बसवताना त्या जराही बिचकल्या नाहीत.

दत्तानं न्हाणीत डोकावून बघितलं. गीझरचा तळ फुगून खाली आला होता, टम्म फुगलेल्या भाकरीसारखा. जोडाच्या नटातून बारीक फवारा उडत होता. त्या फवाऱ्यानं थोडा थोडा दाब जात होता म्हणूनच आजवर निभावलं होतं.

तो आत गेला नाही. स्वयंपाकघरात गेला, सगळ्यांना ओसरीवरच थांबायला सांगितलं आणि सिंकचा गरम नळ बाजूला उभं राहून लांबून, रुमालानं, हळूहळू सोडला. फस्स करून वाफ आणि उकळतं पाणी सिंकभर उसळलं. भिंतीतले पाइप धडधडले. मग आवाज उतरला, धार साधी झाली. दत्ता ओट्याला टेकून उभा राहिला.

ओसरीवर येऊन त्यानं तात्यांना काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तुमी हट्ट धरला होता, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही.

"तुमी काहीही म्हनला असता तात्या, मी न्हाई म्हनायला पायजे होतं. काम माझं हाय. गीझर मी नवा बसवून देतो."

तात्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घेतला. "तुला हे आज कसं कळलं?"

दत्तानं कस्तुराबाईंकडं बोट दाखवलं. त्या कमलबाईंनी दिलेलं पाणी पीत होत्या.

"मी काय केलं," त्या म्हणाल्या. "बादली लावली फक्त."

दुपारी सर घरी आले तेव्हा पायरी ओलीच होती, पण दत्ता तिच्यावर तारेच्या घासणीनं शेवाळ खरवडत बसला होता. त्यानं सरांनाही तसंच सरळ सांगितलं. सर आधी तापले. तीन महिने, तीन वॉल, बायकोचा गुडघा, सगळं काढलं. दत्तानं ऐकून घेतलं. मग सरांना आईची बादली दिसली. त्यांनी ती उचलून रेघा बघितल्या, आईकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"आई, तू मला का नाही सांगितलंस?"

"तुलाबी सांगितलं की," कस्तुराबाई म्हणाल्या. "तू फोनवर होतास."

आता उपाय काय, हा प्रश्न उरला. एनआरव्ही काढला तर गार नळातून पुन्हा गरम पाणी येणार. ठेवला तर पाणी फुगून कुठं जाणार? दत्ता डोकं खाजवत होता. कस्तुराबाई म्हणाल्या, "टोपीच्या आत, गीझरकडच्या बाजूला त्याला थोडी जागा करून देता येत न्हाई का? फुगलं की जाऊन बसायला, अन् गार झालं की परत यायला?"

दत्तानं त्यांच्याकडं बघितलं आणि मग गच्चीवरच्या पंपाकडं. पंपाला चिकटून एक छोटी लाल टाकी होती. तिच्या पोटात रबरी फुगा, फुग्याबाहेर हवा. पाणी फुग्यात शिरलं की हवा दबते, पाणी ओसरलं की हवा त्याला परत ढकलते. हीच टाकी एनआरव्ही आणि गीझरच्या मधे बसवली की झालं! इतकी वर्षं तो असल्या टाक्या पंपाला लावत होता. गीझरला लावायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि टाकीच्या पोटात काय असतं हे ठाऊकही नसलेल्या बाईनं ते शब्दाशब्दानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो परभणीला गेला आणि आठ-आठ लिटरच्या टाक्या घेऊन आला. पंक्चरच्या दुकानातून हवेचं मीटर मागून आणलं. टाकी रिकामी असतानाच तिच्यात पंपाच्या दाबाइतकी हवा भरली. मग गार पाण्याच्या पाइपात, एनआरव्हीच्या पुढं, टी-जोड टाकून ती बसवली आणि भिंतीला पट्ट्यांनी घट्ट आवळली. रोज रोज उघडून सेफ्टी वॉलचं बूड झिजलं होतं, म्हणून तोही बदलला. नळीचं तोंड पायऱ्यांवरून हलवून मोरीकडं वळवलं आणि उघडंच ठेवलं. हे सगळं होईस्तोवर कस्तुराबाई स्टूल घेऊन शेजारी बसून होत्या, आणि प्रत्येक जोडाला "हे कशासाठी?" म्हणून विचारत होत्या. एरवी गिऱ्हाइकानं असं विचारलं की दत्ताच्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशी तो हातातलं काम थांबवून सांगत होता, आणि सांगता सांगता दोनदा त्याला स्वतःचीच चूक सापडली.

गीझर चालू केला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. नळीला थेंब नाही. राजेश्री लंगडत खिडकीशी आल्या आणि बघून हसल्या. सरांनी दत्ताच्या पाठीवर थाप मारली.

"ह्या थापेवर माझा हक्क न्हाई, सर," दत्ता म्हणाला.

आठ दिवस कस्तुराबाईंनी बघितलं, आठही दिवस नळी कोरडी. मग त्यांनीच निरोप धाडला : बाकीच्या घरांचं काय झालं? तात्यांकडं नवा गीझर, टाकीसकट, लागला होता. दोन घरं राहिली होती. दत्ता म्हणाला, "मावशी, तुमी येता का संगं?" त्याला वाटलं होतं त्या नको म्हणतील. त्या चपला घालूनच बाहेर आल्या.

त्यातलं पहिलं घर आप्पाराव सावकारांच्या थोरल्या सुनेचं. दत्तासोबत म्हातारी बघून तिनं दारातच विचारलं, "ह्या कोण?"

दत्तानं पिशवी खाली ठेवली. "ह्या आमच्या उस्ताद हायत," तो म्हणाला. त्यात चेष्टेचा लवलेश नव्हता.

सून हसणार होती, पण दत्ताचा चेहरा बघून थांबली. कस्तुराबाईंचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. त्या घराला वळसा घालून मागं पोचल्या होत्या आणि भिंतीतून आलेल्या बारीक नळीखाली वाकून, तळहात धरून उभ्या होत्या.

"इकडं ये ग बाई," त्यांनी सुनेला हाक मारली. "हे सकाळी किती वाजता सुरू होतं, सांग बरं मला."